ताळेबंद आणि बेहडा : तालुकास्तरीय माहिती-तंत्रज्ञान सेवा व्यवसायातील वार्षिक आढावा व नियोजन
(मानोरा तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन)

प्रस्तावना

भारतातील माहिती-तंत्रज्ञान सेवा उद्योगाचा इतिहास बहुधा मुंबई, पुणे व बंगळूर या शहरांच्या आधारे लिहिला जातो. निर्यातीचे आकडे, परदेशी ग्राहक आणि भांडवली बाजार ही त्या इतिहासाची परिचित प्रकरणे होत. परंतु याच उद्योगाचे दुसरे टोक तालुक्याच्या गावी, बसस्थानक व तहसील कार्यालय यांच्या दरम्यानच्या एखाद्या गाळ्यात आहे. दोन-तीन संगणक, एक मुद्रणयंत्र, बोटाचे ठसे घेणारे उपकरण आणि विजेच्या लपंडावावर उपाय म्हणून ठेवलेली बॅटरी एवढ्या सामग्रीवर तेथे दाखले निघतात, विम्याचे अर्ज भरले जातात, संगणक प्रशिक्षणाचे वर्ग चालतात आणि पतसंस्था, शाळा व दुकाने यांच्या संगणकांची देखभाल केली जाते. ग्रामीण महाराष्ट्रात 'लघु माहिती-तंत्रज्ञान सेवा व्यवसाय' या शब्दप्रयोगाचा प्रत्यक्ष अर्थ हाच आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या त्याच्या सहा तालुक्यांपैकी मानोरा हा सोयाबीन, तूर व कापूस पिकविणारा तालुका असून बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी याच तालुक्यात आहे. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत वाशीम होता. अशा परिसरात माहिती-तंत्रज्ञानाची सेवा विकणारा व्यावसायिक वर्षाच्या शेवटी आपल्या व्यवसायाचा आढावा कसा घेतो आणि पुढील वर्षाचे नियोजन कशाच्या आधारे करतो, हा प्रश्न वरवर केवळ वाणिज्य विषयाचा वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी वर्षगणनेचा, हिशेबपद्धतीचा आणि शासन व नागरिक यांच्या संबंधाचा दीर्घ इतिहास आहे. त्या इतिहासाच्या प्रकाशात सदर प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

१. एका गावातील अनेक वर्षारंभ

वार्षिक आढावा म्हटला की 'वर्ष' कोणते हे आधी ठरवावे लागते. वऱ्हाडात या प्रश्नाचे उत्तर कधीच एक नव्हते. शेतकरी व सालगडी यांचा करार प्रामुख्याने गुढीपाडव्याला संपतो व त्याच दिवशी नवा ठरतो. गेल्या सालाची उचल किती, फेड किती, धान्य व कपडा किती द्यायचा याची तोंडी उजळणी त्या दिवशी होते. वार्षिक आढावा व नियोजन यांचा हा सर्वांत जुना ग्रामीण नमुना मानता येईल. व्यापाऱ्याचे वर्ष मात्र दिवाळीला बदलते. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते आणि बलिप्रतिपदेला नवी कीर्द सुरू होते. यात केवळ धार्मिक संकेत नाही. खरिपाचा माल बाजारात येऊ लागतो तो याच सुमारास. जुनी येणी वसूल होण्याची शक्यता आणि नव्या खरेदीसाठी लागणारे भांडवल या दोहोंचा विचार करण्यास याहून योग्य वेळ नव्हती.

शासनाचे वर्ष निराळे. ब्रिटिश भारतात सरकारी आर्थिक वर्ष पूर्वी १ मेपासून सुरू होई. ते १८६७ मध्ये १ एप्रिलवर आणण्यात आले आणि आजतागायत तेथेच आहे. महाराष्ट्रातील महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, तर शाळा-महाविद्यालयांचे शैक्षणिक वर्ष जूनच्या आसपास. म्हणजे एकाच गावात पाडवा, एप्रिल, जून, ऑगस्ट व दिवाळी असे किमान पाच वर्षारंभ एकमेकांशेजारी नांदत आले आहेत.

आयकराच्या कायद्याने यात मोठा बदल घडविला. १९६१च्या आयकर अधिनियमात व्यापाऱ्यास आपले 'मागील वर्ष' निवडण्याची मुभा होती. त्यामुळे दिवाळी ते दिवाळी असा हिशेब करासाठीही ग्राह्य धरला जाई. करनिर्धारण वर्ष १९८९-९० पासून ही मुभा संपली आणि सर्वांना ३१ मार्चलाच वही बंद करणे बंधनकारक झाले. त्यानंतर दिवाळीचे वहीपूजन उरले, परंतु हिशेबाचा शेवट मार्चकडे गेला. आयकर अधिनियम, २०२५ अन्वये १ एप्रिल २०२६ पासून 'कर वर्ष' ही संज्ञा योजली गेली असली तरी एप्रिल ते मार्च ही चौकट कायम आहे.

संगणक सेवेचा तालुकास्तरीय व्यवसाय जन्माला आला तो या बदलानंतर. त्याला दिवाळीची वही वारशाने मिळाली नाही. त्याचा आढावा पहिल्यापासून ३१ मार्चला आणि करसल्लागाराच्या टेबलावर होऊ लागला. ही बाब किरकोळ नाही, कारण करासाठी केलेला हिशेब आणि धंदा समजून घेण्यासाठी केलेला हिशेब यांचे हेतू भिन्न असतात.

२. मराठी दप्तरातील दोन कागद

हा हेतुभेद मराठी हिशेबपरंपरेला चांगला परिचित होता. पेशवेकालीन राज्यकारभारात महालाच्या जमाखर्चाविषयी दोन स्वतंत्र प्रकारचे कागद होत असत. एक 'बेहडा', म्हणजे येत्या साली अपेक्षित असलेल्या जमेचा व खर्चाचा अंदाज. दुसरा 'ताळेबंद', म्हणजे सरलेल्या सालाचा प्रत्यक्ष हिशेब. रोजच्या नोंदीची रोजकीर्द, नावनिशीवार खतावणी आणि वर्षाचा ताळेबंद अशी नोंदींची उतरंड होती. अंदाजासाठी 'अजमास' हा शब्दही रूढ होता. कमाविसदाराने पाठविलेले हिशेब हुजूर दप्तरात तपासले जात आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतील तफावतीचा जाब विचारला जाई.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, बेहडा हा ताळेबंदाची नक्कल नव्हता. गतसालची जमा पाहून तेवढाच आकडा पुढे लिहिणे पुरेसे नसे. पाऊसमान, लष्कराची ये-जा, उजाड झालेली गावे, दिलेली सूट यांचा विचार त्यात करावा लागे. वऱ्हाडासारख्या प्रदेशात तर निजाम व नागपूरकर भोसले अशी दुहेरी वसुली होती. त्यामुळे येथील जमेचा अजमास बांधताना पिकाइतकेच धन्यांच्या मर्जीकडेही लक्ष ठेवणे भाग होते. उत्पन्न किती येईल या प्रश्नाआधी ते कोणाच्या शब्दावर अवलंबून आहे, हा प्रश्न येथील हिशेबनिसाला सुटत नसे.

आजच्या तालुकास्तरीय संगणक व्यावसायिकाकडे ताळेबंद आहे. कर विवरणपत्रासाठी तो करावाच लागतो. बेहडा मात्र कोणताही कायदा त्याच्याकडे मागत नाही. म्हणून तो सहसा लिहिला जात नाही. जे कोणी मागत नाही ते स्वतःसाठी लिहिणे, ही नियोजनाची खरी कसोटी होय.

३. मोठ्या उद्योगाचा अनुभव

माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या क्षेत्रात बेहड्याचे महत्त्व कसे प्रस्थापित झाले हे पाहण्यासाठी मोठ्या कंपन्यांच्या वाटचालीतील काही प्रसंग उपयुक्त ठरतात. मुंबईत १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. १९८१ मध्ये सात अभियंत्यांनी पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस सुरू केली आणि १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली. पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी १९९० मध्ये पुण्यात स्थापन झाली व दोन दशकांनी, २०१० मध्ये, भांडवली बाजारात उतरली. यांपैकी शेवटच्या दोन कंपन्या आरंभी अगदी लहान होत्या, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

इन्फोसिसच्या इतिहासातील १९९५ सालचा एक प्रसंग सुपरिचित आहे. कंपनीच्या उत्पन्नाचा सुमारे २५ टक्के भाग ज्या एका परदेशी ग्राहकाकडून येत होता, त्याने दर कमी करण्याचा आग्रह धरला. कंपनीने ते दर नाकारले व तो व्यवहार गमावला. परंतु त्यानंतर कोणताही एक ग्राहक, एक तंत्रज्ञान वा एक देश यांच्यावर अवलंबित्व ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ द्यायचे नाही, असे धोरण तिने स्वीकारले. वार्षिक आढाव्यात 'किती मिळाले' यासोबत 'एकाच हातातून किती मिळाले' हा रकाना आला तो अशा अनुभवांतून.

दुसरे उदाहरण दिनांक ठाऊक असलेल्या बदलांचे आहे. सन २००० च्या संगणकीय तारखेच्या प्रश्नामुळे भारतीय कंपन्यांना मोठे काम मिळाले, पण ते काम कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. तसेच सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्यावरील आयकर सवलत ३१ मार्च २०११ रोजी संपली, तेव्हा त्याची पूर्वसूचना कायद्यातच होती. त्यामुळे कंपन्यांना विशेष आर्थिक क्षेत्रांत जाण्यासाठी आणि दरांची फेरमांडणी करण्यासाठी अवधी मिळाला. मोठ्या उद्योगाचे नियोजन यशस्वी झाले, यामागे त्याच्या कौशल्याइतकाच हा पूर्वसूचनेचा अवधीही होता. तालुक्याच्या पातळीवर नेमका हाच अवधी दुर्मीळ असतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

४. तालुक्यात आलेला संगणक

तालुक्याच्या गावी संगणकापूर्वी टंकलेखन संस्था होत्या. अर्ज टंकलिखित करून देणे आणि परीक्षार्थींना शिकविणे ही त्यांची दोन कामे. पुढे संगणक केंद्राने हीच दोन कामे मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. म्हणून त्यास टंकलेखन संस्थेचा वारस म्हणणे योग्य ठरेल.

प्रशिक्षणाच्या बाजूने निर्णायक वर्ष २००१ होय. त्या वर्षी राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षेद्वारे मिळू लागले आणि शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता म्हणून त्यास मान्यता मिळाली. महामंडळाने स्वतःच्या इमारती उभारल्या नाहीत. गावोगावच्या खाजगी केंद्रांना अधिकृत अध्ययन केंद्राचा दर्जा देऊन त्यांच्या गुंतवणुकीवर हे जाळे विणले गेले. त्यामुळे असंख्य तरुणांना गावातच उद्योजक होता आले. मात्र अभ्यासक्रम, शुल्क आणि मान्यता यांविषयीचे निर्णय केंद्रचालकाच्या हाती नव्हते.

सेवेच्या बाजूने याच दशकात तहसील पातळीवर 'सेतू' केंद्रे सुरू झाली. केंद्र शासनाने २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर केली आणि तिच्या अंतर्गत देशभर एक लाख सामायिक सेवा केंद्रे उभारण्याचे ठरले. महाराष्ट्रात ती 'महा ई-सेवा केंद्र' या नावाने ओळखली गेली. २०१० मध्ये राज्य शासन व टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या भागीदारीतून महाऑनलाइन ही कंपनी अस्तित्वात आली. २०११ मध्ये ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणासाठी 'संग्राम' प्रकल्प सुरू झाला व गावोगावी संगणक परिचालक नेमले गेले.

संग्रामचा खर्च तेराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून भागविला जात होता. त्या आयोगाचा कालावधी २०१० ते २०१५ असा होता. प्रकल्प डिसेंबर २०१५ अखेर संपला आणि २०१६ मध्ये चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीच्या आधारे 'आपले सरकार सेवा केंद्र' ही नवी व्यवस्था आली. परिचालकांच्या दृष्टीने या संक्रमणाचा अर्थ मानधनाची व नेमणुकीची अनिश्चितता असा होता आणि त्यावरून राज्यभर आंदोलने झाली. इतिहासाच्या अभ्यासकास यातून एक गोष्ट दिसते. गावातील संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीचे 'वर्ष' एप्रिल ते मार्च असे नव्हतेच. ते पाच वर्षांच्या वित्त आयोगाचे होते. त्याच्या वार्षिक नियोजनात तो कालावधी नोंदविलेला असता तर २०१५ चा प्रश्न टळला नसता, पण तो अनपेक्षितही ठरला नसता.

५. योजनांचे ऋतू

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अध्यादेश २८ एप्रिल २०१५ रोजी लागू झाला व त्याच वर्षी त्याचे अधिनियमात रूपांतर झाले. अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा कायदेशीर हक्क ठरला. सेवा केंद्रांचे नियमित काम त्यामुळे स्थिरावले. या नियमित कामाला स्वतःचा ऋतुक्रम आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपत असल्याने एप्रिलपासून नव्या दाखल्यांची मागणी होते. दहावी-बारावीच्या निकालानंतर जात, अधिवास व नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रांसाठी गर्दी उसळते. खरिपाच्या पेरणीनंतर पीक विम्याचे अर्ज येतात. दिवाळीनंतर तांड्यांवरील अनेक कुटुंबे हंगामी कामासाठी बाहेर पडली की केंद्राची वर्दळ ओसरते.

या नियमित ऋतुक्रमावर शासकीय योजनांचे अवचित ऋतू येऊन आदळतात. २४ जून २०१७ रोजी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेअंतर्गत कर्जमाफी जाहीर झाली. तिच्यासाठी ऑनलाइन अर्ज बंधनकारक असल्याने जुलै ते सप्टेंबर या काळात सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या. कोणत्याही केंद्रचालकाने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये या कामाचा अंदाज बांधला असणे शक्य नव्हते. याउलट डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच नव्हता. बँकांनी दिलेल्या याद्यांवरून केवळ आधार प्रमाणीकरण करावयाचे होते. कर्जमाफी दोन्ही वेळा झाली, पण केंद्राच्या वाट्याला आलेले काम सर्वस्वी निराळे होते. २०१७ चा अनुभव जसाच्या तसा पुढे मांडणारा अंदाज अडीच वर्षांतच चुकीचा ठरला असता.

पुढील धक्का वर्षअखेरच्याच आठवड्यात आला. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. प्रशिक्षण केंद्रांचा मुख्य हंगाम उन्हाळी सुटीचा असतो. तो संपूर्ण हंगाम बुडाला. गाळ्याचे भाडे व कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

पीक विम्याचे उदाहरण याहून बोलके आहे. खरीप २०२३ पासून राज्य शासनाने शेतकऱ्यासाठी केवळ एक रुपयात पीक विमा देऊ केला. अर्ज भरण्याबद्दल विमा कंपनीकडून सामायिक सेवा केंद्रास प्रति अर्ज ४० रुपये मिळण्याची तरतूद होती. त्या हंगामात राज्यात दीड कोटीहून अधिक अर्ज आले. उदाहरणादाखल, एखाद्या केंद्राने एक हजार अर्ज भरले असे धरल्यास दीड-दोन महिन्यांत ४०,००० रुपये येणे झाले. दोन वर्षे हा क्रम चालला. खरीप २०२५ पासून ही योजना बंद करण्यात आली, शेतकऱ्यास खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा भरावा लागू लागला आणि अर्जांची संख्या लक्षणीय घटली. ज्या केंद्रचालकाने २०२३ व २०२४ ची मिळकत 'वाढ' मानून त्या बळावर नवा संगणक वा दुसरा गाळा घेतला, त्याच्या दृष्टीने २०२५ हे तोट्याचे वर्ष ठरणे क्रमप्राप्त होते. ज्याने तीच मिळकत 'एका योजनेची, म्हणून मुदतीची' अशा स्वतंत्र शीर्षकाखाली नोंदविली असेल, त्याला घट जाणवली तरी दिशाभूल झाली नसेल.

काही बदल केंद्रांची गरजच कमी करणारे असतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाजालावर उपलब्ध झाला. भ्रमणध्वनी हाती असलेला सुशिक्षित शेतकरी तो स्वतः मिळवू शकतो. दुसरीकडे, २०२५ मध्ये राज्य शासनाने आपले सरकार केंद्रांवरील सेवाशुल्क २० रुपयांवरून ५० रुपये केले. म्हणजे एकाच व्यवसायात काही सेवांची मागणी घटत असताना उरलेल्या सेवांचा दर शासन निर्णयाने वाढतो. या दोहोंपैकी कोणताही बदल बाजारातील स्पर्धेतून आलेला नाही. तालुक्याच्या माहिती-तंत्रज्ञान व्यवसायाची बाजारपेठ गावात असली तरी तिचे भाव मंत्रालयात ठरतात.

६. ताळेबंदातील तीन उणिवा

या पार्श्वभूमीवर प्रचलित वर्षअखेरच्या हिशेबाकडे पाहिल्यास तीन उणिवा आढळतात.

पहिली उणीव उलाढाल आणि उत्पन्न यांच्या सरमिसळीची. केंद्राच्या गल्ल्यात येणाऱ्या रकमेत शासनाचे शुल्क, विजेचे देयक, विम्याचा हप्ता अशा दुसऱ्याच्या पैशाचा मोठा भाग असतो. तो केंद्रातून फक्त वाहून जातो. जुन्या वहीत अडत्या मालाची किंमत आणि अडत वेगवेगळी लिहीत असे. माल त्याचा नाही, अडत त्याची, हे वहीतच दिसे. सेवा केंद्राच्या हिशेबात ही शिस्त आली नाही तर लाखोंची उलाढाल पाहून व्यवसाय भरभराटीचा वाटतो आणि हाती उरणारी रक्कम तेवढी कळत नाही. कराच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. १९६१च्या आयकर अधिनियमातील अनुमानित उत्पन्नाची जी सवलत कलम ४४ एडी अन्वये लहान व्यावसायिकांना होती, ती कमिशन वा दलालीच्या उत्पन्नास लागू नव्हती. सेवा केंद्राच्या उत्पन्नाचा मोठा भाग नेमका कमिशनचा असल्याने त्याचा वेगळा हिशेब आवश्यक ठरतो.

दुसरी उणीव झिजेची. संगणकावर आयकरात प्रतिवर्षी ४० टक्के घसारा मान्य होता, यावरूनच या साधनाचे आयुष्य किती अल्प समजले जाते हे ध्यानात येते. विवरणपत्रात घसारा लिहिला जातो, पण नव्या संगणकासाठी तेवढी रक्कम बाजूला ठेवली जातेच असे नाही. परिणामी साधन बंद पडते तेव्हा ते कर्जातून घ्यावे लागते.

तिसरी उणीव श्रमाच्या मोजदादीची आहे. केंद्रचालक स्वतः आणि बहुधा घरातील आणखी एक व्यक्ती दिवसभर काम करते. त्यांचा मोबदला खर्चात धरला जात नाही. त्यामुळे जी रक्कम 'नफा' म्हणून दिसते ती पुष्कळदा दोन माणसांची मजुरी असते. सालगड्याच्या करारात वर्षाच्या श्रमाचे मोल पाडव्यालाच ठरत असे. गावातील संगणक व्यावसायिकाने स्वतःशी असा करार कधी केलेला नसतो.

याच संदर्भात एका अदृश्य भांडवलाचाही उल्लेख करावयास हवा. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या प्रवर्गात मोडतो आणि या प्रवर्गाच्या जात प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या तांड्यातील आजोबा शाळेत गेले नाहीत, तेथे असा पुरावा शोधणे कठीण असते. जुने कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंद, एखाद्या नातेवाइकाचा शाळेचा दाखला यांपैकी काय चालेल व ते कोठे मिळेल हे जाणणारा माणूस केंद्रात बसलेला असेल तर अर्ज परत येत नाही. पोर्टल बदलले तरी हे ज्ञान टिकते. तरीही ते कोणत्याही ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसत नाही.

७. बेहड्याची पुनर्रचना

वरील इतिहासावरून तालुकास्तरीय व्यवसायाच्या वार्षिक नियोजनाची एक साधी चौकट मांडता येते. तिच्यासाठी महागड्या प्रणालीची गरज नाही, वहीची दोन पाने पुरेशी आहेत.

प्रथम, उत्पन्नाची विभागणी सेवेनुसार न करता देणाऱ्यानुसार करावी. नियमित दाखले, मुदतीच्या योजना, प्रशिक्षण आणि खाजगी ग्राहकांचे वार्षिक देखभाल करार असे चार रकाने केल्यास किती उत्पन्न शासन निर्णयाच्या एका ओळीने थांबू शकते हे लगेच दिसते. पतसंस्था, शाळा, औषधालये व कृषी सेवा केंद्रे यांच्याशी केलेले देखभाल करार रकमेने लहान असले तरी ते व्यावसायिकाच्या स्वतःच्या शब्दावर उभे असतात. त्यांचा हिस्सा दरवर्षी थोडा वाढावा हे नियोजनाचे पहिले उद्दिष्ट असावे.

दुसरे, प्रत्येक मुदतीच्या योजनेसमोर तिचा संभाव्य शेवट लिहावा. तिची तरतूद कोणत्या अर्थसंकल्पातून वा वित्त आयोगातून होते, हे शोधल्यास शेवटाचा अंदाज बऱ्याच अंशी बांधता येतो. अशा योजनेच्या मिळकतीतून कायमस्वरूपी खर्च उचलू नये.

तिसरे, आढाव्याची वेळ. ३१ मार्चचा हिशेब करासाठी राहणारच. परंतु धंद्याचा विचार करण्यासाठी दिवाळीचा काळ अधिक सोयीचा आहे. तोवर दाखल्यांचा हंगाम सरलेला असतो, विम्याचे अर्ज आटोपलेले असतात, शेतकऱ्याच्या हाती पैसा येऊ लागल्याने उधारी वसूल होऊ शकते आणि उन्हाळी प्रशिक्षणवर्गाच्या तयारीस पाच महिने उरतात. आयकराने दिवाळीच्या वहीचे कायदेशीर प्रयोजन काढून घेतले असले तरी तिचे व्यावहारिक प्रयोजन अद्याप संपलेले नाही.

चौथे, येणी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार लघु उद्योगाचे देणे कमाल ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी केलेल्या सेवा व्यावसायिकास या संरक्षणाचा आधार घेता येतो. तथापि ज्या गावात सर्व ओळखीचे, तेथे कायद्याचा आधार कोणी सहसा घेत नाही. म्हणून येण्यांची मुदतवार यादी करून बुडण्याची शक्यता असलेली रक्कम बेहड्यात जमेस न धरणे हाच व्यवहार्य मार्ग होय.

निष्कर्ष

तालुक्यातील माहिती-तंत्रज्ञान सेवा व्यवसायाचा पाव शतकाचा इतिहास पाहता त्याच्या अडचणींचे मूळ तंत्रज्ञानाच्या वेगापेक्षा कालगणनेच्या विसंगतीत अधिक आढळते. ग्राहकाचे वर्ष पिकाचे, विद्यार्थ्याचे वर्ष निकालाचे, शासनाचे वर्ष अर्थसंकल्पाचे आणि योजनेचे आयुष्य वित्त आयोगाचे किंवा राजकीय निर्णयाचे असते. या सर्वांच्या मधोमध बसलेल्या व्यावसायिकाचा आढावा मात्र केवळ करवर्षावर बेतलेला राहिला. ताळेबंद आला, बेहडा हरवला.

हा प्रश्न एका व्यावसायिकाच्या नफ्यातोट्यापुरता मर्यादित नाही. मानोऱ्यासारख्या तालुक्यात असे केंद्र बंद पडते तेव्हा लोकसेवा हक्काचा कायदा पुस्तकात तसाच राहतो, पण तांड्यावरील मुलीला प्रवेशाच्या मुदतीत जात प्रमाणपत्र मिळत नाही. शासनाने आपल्या सेवा लहान व्यावसायिकाच्या गुंतवणुकीवर उभारल्या आहेत. त्यामुळे योजना सुरू करताना व थांबविताना त्यास पुरेशी पूर्वसूचना देणे ही शासनाचीही जबाबदारी ठरते. पेशवाईतील कमाविसदाराला सालाच्या आरंभी बेहडा मिळत असे, म्हणूनच सालाच्या शेवटी त्याच्याकडे तफावतीचा जाब मागता येत असे. आज जाब आहे, बेहडा नाही. तो शासनाकडून मिळेपर्यंत केंद्रचालकाने आपल्या वहीत स्वतःच लिहिणे एवढाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी लागणारे शब्द मराठी हिशेबपरंपरेने त्याच्यासाठी केव्हाच तयार करून ठेवले आहेत.